भाऊ वचनं विचारतो, मला उत्तरं येत नाहीत

ठाण्याच्या एका ताईंनी चार पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

ताई ६३ वर्षांच्या. माहेर आणि सासर दोन्ही ईस्ट इंडियन (मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी बोलणारे) कॅथलिक. धाकटा भाऊ त्यांच्यापेक्षा १५ वर्षांनी लहान, नेरूळला राहतो. त्याच्या बाप्तिस्म्यात धर्ममाता म्हणून त्याला हातांत धरलं होतं ते ताईंनीच. पाच वर्षांपूर्वी भावाची बायपास झाली. त्यानंतर तो एका प्रार्थना-संगतीत जाऊ लागला, पुढे पाण्यात पूर्ण बुडून त्याने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला आणि आता तो स्वतःला 'विश्वासी' म्हणवतो. महिन्यातून एखाद्या रविवारी तो ताईंकडे जेवायला येतो आणि येताना बायबल घेऊन येतो. जेवण झालं की प्रश्न सुरू होतात. मारियामातेची मूर्ती का ठेवता? मृतांसाठी प्रार्थना करा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय, दाखव. फादरांपुढे पापांची कबुली कशाला? ताईंना उत्तरं देता येत नाहीत. "एवढी वर्षं मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाते, पण एक वचन धड सांगता येत नाही, याची लाज वाटते," असं त्या लिहितात. गेल्या महिन्यात त्याने ताईंच्या ११ वर्षांच्या नातीला सांगितलं की कॅथलिकांनी दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञा काढून टाकली आहे. ती रडत आजीकडे आली. आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला तो आला नाही. आईने जन्मभर जपलेल्या मारियामातेच्या मूर्तीला त्याने 'दगड' म्हटलं. ताईंच्या मते हे सगळं अमेरिकेतून आलेलं नवं खूळ आहे आणि त्याच्या आजारपणाचा फायदा घेऊन त्याला बहकवलं गेलं आहे. ताईंचा मुलगा चिडून म्हणतो, त्या पास्टरविरुद्ध पोलिसांत तक्रार देऊ. ताई विचारतात: "मी बायबलचा एखादा कोर्स करून त्याला निरुत्तर करू, की त्याला घरी बोलावणंच बंद करू?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिसऱ्या पानावरच्या एका ओळीपाशी थांबले. तिच्याकडे येतेच. पण तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलं आहे ते लाजेबद्दल, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुम्हाला वचनांचे आकडे येत नाहीत, हे खरं. पण तुम्हाला बायबल येत नाही, हे मला पटत नाही. कॅथलिक मिस्सेतली वाचनं १९६९ पासून तीन वर्षांच्या चक्रात लावलेली आहेत. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक आणि पुनरुत्थानाच्या काळात योहान. तुम्ही लहानपणापासून रविवार चुकवलेला नाही असं लिहिता. म्हणजे शुभवर्तमानांचा मोठा भाग तुमच्या कानांवरून सतरा-अठरा वेळा गेला आहे. उधळ्या मुलाची गोष्ट कोणत्या अध्यायात आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, पण बाप धावत सुटला तो मुलगा दूर असतानाच, हे तुम्ही झोपेतही सांगाल. तुमच्या आईच्या तरुणपणी तर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. सर्वसामान्य भाविकांनी स्वतः बायबल वाचावं असा ठळक आग्रह रोमच्या व्हॅटिकन परिषदेने धरला तो १९६५ मध्ये. ज्या घरात आईने रोझरी शिकवली, सण शिकवले, क्रुसापुढे हात जोडायला शिकवलं, त्या घरात रोज बायबल उघडण्याची सवय नव्हती, याची कारणं इतिहासात आहेत. त्यात तुमचा किंवा आईचा श्रद्धेचा कमीपणा नाही.

आपल्या भाषेत तर धर्म आधी कानांनीच शिकला गेला. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या कॅथलिक धर्मगुरूंनी ख्रिस्ताचं चरित्र मराठी ओव्यांमध्ये लिहिलं आणि ते १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत. मंडळींनी पुराणासारखं ऐकावं म्हणून ओवी निवडली होती. माझी आजी साताऱ्याकडची, निरक्षर. हरिपाठाचे २७ अभंग तिला पाठ होते. एका सुट्टीत आमचा एक शिकलेला नातेवाईक तिला प्रत्येक चरणाचा अर्थ विचारू लागला आणि तिला सांगता येईना. तो गावी होता तेवढे दिवस आजीने हरिपाठ मोठ्याने म्हटला नाही. त्या आठ दिवसांची ती शांतता मला अजून आठवते, म्हणूनच तुमच्या पत्रातली 'लाज' हा शब्द मी सहज सोडून देऊ शकत नाही.

आणि तुम्ही तर ठाण्याच्या. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरातलं बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग तुम्ही पाहिलं असेल, १८७९ सालचं. हे लोक शेकडो वर्षं कोकणात तेलाच्या घाण्यावर राबले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. हिब्रू ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. 'शमा इस्रायल' ही प्रार्थना तेवढी राहिली होती. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू त्यांच्याकडे आला आणि त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. पंख आणि खवले असलेली मासळी त्यांनी वेगळी काढली, बाकीची बाजूला सारली. तोराह या त्यांच्या धर्मग्रंथातला नियम त्यांना वाचून ठाऊक नव्हता, हातांना ठाऊक होता. पुढे एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यांना हिब्रू शिकवलं. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरणही काढलं. आशा अशी की शास्त्र वाचून हे लोक ख्रिस्ती होतील. झालं असं की ते शास्त्र वाचून अधिक जाणते यहुदी झाले. शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला एकाच पुस्तकातून निरनिराळं मिळालं.

हे सगळं सांगून मी तुम्हाला वाचनापासून सुटका देते आहे असं मात्र समजू नका. तुमचा भाऊ रोज पहाटे तासभर वाचतो हे तुम्हीच लिहिलं आहे, आणि लग्नात भेट मिळालेलं तुमचं बायबल शोकेसमध्ये आहे हेही. त्याचं वागणं दुखावणारं आहे, पण त्याच्या वाचनाचा मला आदर वाटतो. ऐकलेलं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून बघण्यात फार आनंद असतो. तो आनंद भावाच्या भीतीपोटी घ्यायचा की स्वतःसाठी, एवढाच प्रश्न आहे.

आता कोर्स करून निरुत्तर करण्याबद्दल. समजा केला. नातीला त्याने सांगितलेली आज्ञेची गोष्ट घ्या. मूर्तीबद्दलचा मजकूर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात आहे आणि तो कॅथलिक बायबलमध्येही जसाच्या तसा आहे. मूळ मजकुरात आज्ञांना क्रमांक घातलेले नाहीत. दहा कशा मोजायच्या याच्या वेगवेगळ्या रीती पडल्या. कॅथलिक रीत संत ऑगस्टिन यांच्या मोजणीवर चालते. तीत 'दुसरे देव नकोत' आणि 'मूर्ती करू नको' ही मिळून एक आज्ञा होते, आणि लोभाबद्दलची आज्ञा दोन भागांत मोजली जाते. पाठांतरासाठी आज्ञा थोडक्यात सांगताना मूर्तीचा मजकूर गळतो, म्हणून ती 'काढली' असं वाटतं. हीच मोजणी मार्टिन ल्यूथर यांनीही ठेवली, आणि लुथरन मंडळी आजही तशीच मोजतात. नातीला हे तुम्ही जरूर सांगा. तिला खरंखोटं कळलं पाहिजे.

पण भावाला हे उत्तर दिलंत तर काय होईल? तो पुढचं वचन काढेल. तुम्ही निर्गमच्या २५ व्या अध्यायातले करूब, म्हणजे पंखांचे देवदूत, काढाल, देवानेच कराराच्या पेटीवर घडवून घेतलेले. तो म्हणेल, त्यांची पूजा होत नव्हती. तुम्ही म्हणाल, आम्हीही दगडाची करत नाही. मृतांसाठी प्रार्थनेचा आधार तुम्ही मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात दाखवाल आणि तो म्हणेल, हे पुस्तक माझ्या बायबलमध्ये नाही. खरंच नाही. तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, त्याच्यात ६६. ल्यूथर यांनी १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ही जादा पुस्तकं बाजूला काढून दोन करारांच्या मध्ये ठेवली, कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती शास्त्राचाच भाग असल्याचं ठाम केलं. "बायबलमध्ये दाखव" असं तो म्हणतो तेव्हा कोणत्या बायबलमध्ये, हाच वादाचा मुद्दा असतो. पाचशे वर्षं दोन्हीकडच्या पंडितांना जे मिटवता आलं नाही, ते तुमच्या जेवणाच्या टेबलावर भात आणि कालवण यांच्या मध्ये मिटणार नाही. तुम्ही हुशार आहात, सहा महिन्यांत त्याच्याइतकी वचनं शिकाल. मग घरात एकाऐवजी दोघं वचनं फेकणारे होतील.

तुमच्याच ठाण्यातली एक फार जुनी गोष्ट सांगते. साल १३२१. चार फ्रान्सिस्कन (रोमन कॅथलिक) साधू समुद्रमार्गे ठाण्यात उतरले. तेव्हा इथे नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची १५ घरं होती. रोमच्या दृष्टीने हे लोक पाखंडी, पण त्यांच्यातल्याच एका घराने या चौघांना आसरा दिला. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. ती काझीकडे तक्रार घेऊन गेली. साक्षीदार कोण, तर घरी उतरलेले पाहुणे साधू. तिथे हजर असलेला एक माणूस म्हणाला, हे लोक शास्त्र जाणणारे आहेत, यांच्याशी धर्मावर वाद घालायला हवा. तिघांना बोलावलं गेलं. चौथा सामान राखायला घरी थांबला होता. वाद सुरू झाला, वाढला. इस्लामच्या प्रेषितांबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्यावर साधूंपैकी थोरल्याने फार कठोर शब्द वापरले, जमाव भडकला आणि शेवट चौघांच्याही हत्येत झाला. ओडोरिक या प्रवासी साधूने ही हकीकत लिहून ठेवली, आणि दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या त्या अधिकाऱ्याला या कृत्याबद्दल शिक्षा केली असंही लिहिलं.

दोन धर्मांचा संघर्ष म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना दर वेळी त्या बाईची आठवण येते. तक्रार तिची होती. मार तिने खाल्ला होता. शास्त्राचा वाद सुरू झाल्याबरोबर तिचं दुखणं मागे पडलं आणि सगळे देवाबद्दल बोलू लागले.

आता तुमच्या तिसऱ्या पानावरच्या ओळीकडे येते. तुम्ही लिहिलंय: "त्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होते, नाहीतर हे झालंच नसतं." पुढच्याच वाक्यात तुम्ही पास्टरकडे वळलात.

ताई, तुम्ही पुण्याला होतात यात तुमची चूक नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण सोडून कोणती आई येईल? पण त्या तीन आठवड्यांत त्याच्यापाशी कोण होतं, हे तुम्ही त्याला कधी विचारलं आहे का? चार पानांत त्याच्या आजाराबद्दल एवढं एकच वाक्य आहे. तुम्हीच पुढे सहज लिहिलं आहे की संगतीतली माणसं पाळीपाळीने डबा देत होती आणि रात्री हॉस्पिटलमध्ये थांबत होती. तुम्ही ते 'फायदा घेतला' याचा पुरावा म्हणून लिहिलंत. छाती उघडली जाणार या भीतीने जागणाऱ्या ४३ वर्षांच्या माणसाला तो डबा कसा वाटला असेल, याचा विचार त्या वाक्याजवळ थांबून एकदा करा. आई गेलेली. आईच्या जागी असलेली बहीण दूर. तुमच्याच धर्मग्रामातली, म्हणजे तुमच्या चर्चची, मंडळी आली का, हे पत्रात कुठेच नाही, त्यामुळे मी काही गृहीत धरत नाही. पण तो तुम्हाला मूर्तीबद्दल विचारतो तेव्हा मनात कदाचित दुसराच प्रश्न असेल, तू तेव्हा कुठे होतीस? हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

दुखणं तुमच्याकडेही आहे, आणि तेही वचनांखाली दबलं आहे. पंधरा वर्षांची असताना तुम्ही त्याला बाप्तिस्म्याला हातांत धरलं. त्याने दुसरा बाप्तिस्मा घेतला म्हणजे पहिला खोटा ठरवला, आईने केलेलं आणि तुम्ही वचन दिलेलं सगळं पुसून टाकलं, असं तुम्हाला वाटलं. पत्रात तुम्ही याबद्दल अर्धीच ओळ लिहिली, पण मूर्तीच्या वादापेक्षा हे खोल आहे असं मला वाटतं. त्याच्या पंथात लहान बाळाचा बाप्तिस्मा धरतच नाहीत, समजत्या वयात स्वतः मागितलेला तोच खरा मानतात. त्याच्या दृष्टीने त्याने काही पुसलं नाही, काही सुरू केलं. तुम्ही हे पटवून घ्यावं असं मी म्हणत नाही. पण "मला फार लागलं" हे त्याला सांगायला बायबलचा आधार लागत नाही.

एक गैरसमज दूर करायला हवा. अशा संगतींत करतात तशी हात वर करून, मोठ्याने, रडत प्रार्थना करणं हे अमेरिकेतून आलेलं नवं खूळ नव्हे. पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली आणि बायका अशाच तऱ्हेने प्रार्थना करत होत्या. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधली अशा प्रार्थनेची प्रसिद्ध लाट १९०६ ची, म्हणजे नंतरची. याच रमाबाई लहानपणी भागवताचे हजारो श्लोक पाठ म्हणणाऱ्या. इंग्लंडमध्ये १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथे एकाच ख्रिस्ताचे इतके पंथ पाहून त्या गोंधळल्या. ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही त्यांनी सिद्धांतांवरून पत्रांतून कडकडून वाद घातला. पण ज्यांना त्या आयुष्यभर आदराने लिहीत राहिल्या त्याही याच भगिनी. अखेरची वर्षं त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम होत आलं होतं. आणि कॅथलिकांना शास्त्राचं प्रेम नाही असं भावाला वाटत असेल, तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं मराठी बायबल त्याच्या हाती द्या. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते. त्याला मराठी आवडत असेल तर ते भाषांतर त्याला नक्की आवडेल.

तर करायचं काय?

मुलाचा तक्रारीचा विचार आधी मोडून काढा, आजच. पास्टरने जबरदस्ती केली, पैसे उकळले, धमकावलं असं काहीही तुमच्या पत्रात नाही. ४८ वर्षांच्या माणसाने स्वतःच्या मनाने उपासनेची जागा बदलली, तो त्याचा हक्क आहे. घरातलं भांडण पोलिसांकडे धर्माचं भांडण म्हणून गेलं की ते तुमच्या हातात राहत नाही. १३२१ ची गोष्ट मी त्यासाठीही सांगितली. काळजी कधी करायची तेही सांगते: तो बायपासनंतरच्या गोळ्या 'प्रार्थनेने बरं होईल' म्हणून सोडत असेल, तपासण्या टाळत असेल, किंवा दशमांशासाठी (मिळकतीचा दहावा भाग चर्चला देण्यासाठी) कर्ज काढत असेल, तर लगेच भावजयीशी आणि त्याच्या डॉक्टरांशी बोला. तिथे गप्प बसू नका.

मग रविवार सोडून एखाद्या दिवशी एकट्या नेरूळला जा. ठाण्याहून थेट लोकल आहे. मुलगा नको, नात नको, बायबलही नको. त्याला म्हणा, "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी काय काय झालं ते मला नीट सांग. मी तेव्हा नव्हते." त्याच्या पंथात अनुभव सांगण्याला 'साक्ष' म्हणतात, ती द्यायला तो एका पायावर तयार असेल. सांगू दे. मध्ये ख्रिस्त येईल, पास्टर येतील, चमत्कार येतील. खोडू नका, मान डोलावली म्हणजे मान्य केलं असंही होत नाही. त्याचं संपलं की तुमचं सांगा, बाप्तिस्म्याबद्दल लागलेलं. उत्तर मागू नका.

घरचे नियम मात्र स्पष्ट करा, आणि हे त्याच भेटीत नको, पुढच्या एखाद्या वेळी. आईच्या मूर्तीला तुमच्या घरात कुणी दगड म्हणणार नाही. हे सांगण्यासाठी तुम्हाला मूर्तीचं समर्थन सिद्ध करावं लागत नाही, कारण घर तुमचं आहे आणि मूर्ती आईची आहे. "तुझं मत मला माहीत आहे, आईची मूर्ती इथेच राहणार, तिच्याबद्दल इथे बोलायचं नाही," एवढं पुरे. नातीशी धर्माबद्दल बोलायचं तर तिच्या आई-वडिलांच्या समोर, हेही सांगा. तो रागावून एखादा रविवार येणार नाही. नाही आला तर नाही. पण तुम्ही बोलावणं थांबवू नका.

तुम्ही विचारलेल्या दोन पर्यायांपैकी दुसरा मला मुळीच मान्य नाही, पहिला थोडा बदलून मान्य आहे. कोर्स करा, पण प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका आणि मोबाइलवरचे वादविवादांचे व्हिडिओ यांच्यापासून लांब राहा. ते वाचकाला चिडवायलाच केलेले असतात. नव्या कराराची २७ पुस्तकं तुमची आणि त्याची एकच आहेत. त्यातलं लूक घ्या. २४ अध्याय आहेत. रोज एक, मोठ्याने, आईच्या खुर्चीत बसून. भावाला फोन करून सांगा की तूही रोज तोच अध्याय वाच, आणि रात्री एकमेकांना फक्त एवढंच सांगायचं की आज कोणती ओळ मनात राहिली. का राहिली ते सांगायचं, कोण चुकतंय ते नाही.

दहाव्या दिवशी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट येईल. तिथे जरा रेंगाळा. शोमरोनी आणि यहुदी हे परके नव्हते, भाऊबंद होते. मोशेची पाच पुस्तकं दोघांचीही. भांडण होतं ते देवाचा डोंगर कोणता यावरून, यरुशलेम की गरीजीम. यहुदी शासकाने इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्यांचं गरीजीमवरचं मंदिरही पाडलं होतं. ज्यांचा बांध लागून असतो त्यांचंच भांडण फार चिवट असतं, हे शेतकऱ्याच्या घरात कुणालाही कळेल. त्या अध्यायात एक शास्त्री येशूची परीक्षा घ्यायला येतो. येशू त्यालाच विचारतो की शास्त्रात काय लिहिलं आहे, आणि शास्त्री अगदी बरोबर उत्तर देतो. उत्तरात काही चूक नाही. मग गोष्ट सुरू होते, रस्त्यावर पडलेल्या जखमी माणसाची. तुमच्या भावाने ही गोष्ट शंभरदा वाचली असेल, तुम्ही अठरा वेळा ऐकली असेल. त्या रात्री फोनवर कोणती ओळ सांगायची हे तुमचं तुम्ही ठरवा.

नातीला घाबरवू नका आणि मामा-आजोबांविरुद्ध भरवूही नका. तिला सांगा की आपल्या घरात प्रभूला मानण्याच्या दोन रीती आहेत, मामा-आजोबांच्या बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, आपल्यात ७३, आणि आज्ञा मोजण्याच्याही दोन रीती आहेत. अकरा वर्षांच्या मुलीला एवढं सहज झेपतं. बाकी प्रश्न तिने धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारावेत.

आईच्या वर्षश्राद्धाला तो मिस्सेला येणार नाही, मृतांसाठी प्रार्थना त्याच्या श्रद्धेत बसत नाही. ओढून आणू नका. मिस्सेनंतर घरी जेवायला बोलवा आणि त्याला एक काम द्या: स्तोत्र २३ वाचायचं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' ते, आणि आईची एखादी आठवण सांगायची. ते स्तोत्र दोघांच्याही बायबलमध्ये आहे. तुमच्यापेक्षा त्याला आई फार कमी वर्षं मिळाली, हेही त्या दिवशी लक्षात असू द्या.

असंच पत्र याच महिन्यात मला मुंब्र्याच्या एका मुलीचं आलं. आई दर्ग्याला जाते आणि भाऊ म्हणतो हे धर्मात बसत नाही. ऐरोलीच्या एका गृहस्थांच्या घरी विठ्ठलाच्या तसबिरीवरून बापलेकांत अबोला आहे, मुलगा वेगळ्या संप्रदायात गेला म्हणून. त्या दोघांनाही मी हेच विचारेन की तो किंवा ती त्या वाटेला लागली तेव्हा घरात काय चाललं होतं, आणि तुमच्यापैकी कुणी त्याबद्दल कधी बोललं का? ग्रंथ कुणाचा बरोबर, हे त्यानंतरही विचारता येईल.

ताई, नेरूळला जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या हातचं काहीतरी डब्यात न्या. निघण्याआधी भावजयीला फोन करून त्याचं पथ्य विचारून घ्या. बायपासनंतर त्याला काय चालतं आणि काय नाही, हे तुम्हाला अजून माहीत नसेल.